त्र्याण्णवाला उकळलेलं पाणी

पिशवीत काय काय होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या पिशवीतूनच निघालं. दोन साड्या, गुडघ्याचा पट्टा, दशम्या, लिंबाचं लोणचं आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली माझी काचकांडी. काचकांडी म्हणजे पाकाचं तापमान बघायचा तापमापक. क्लासमधल्या मुली तिला 'बाईंची छडी' म्हणतात. सव्वीस वर्षं मी पुण्यात वड्या, चिक्क्या, लाडू यांचे क्लास घेते, आणि पाक हा माझा प्रांत. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, काय वाट्टेल ते विचारा. बाईंनी 'झाला' म्हटलं की झाला. माझा पाक चुकत नाही हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आमच्या घरात त्याचं कुणालाच काही वाटेनासं झालं होतं.

गुळावर एक छोटंसं पुस्तक लिहायचं माझ्या मनात होतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाचं, संपतरावांचं, शिराळ्याजवळ गुऱ्हाळ आहे. फेब्रुवारी संपत आला होता, हंगाम आटपायच्या आत या, असा त्यांचा निरोप आला, आणि मी एकटीच निघाले. पोहोचवायला आलेला मुलगा म्हणाला, आई, तिथे जाऊन त्यांना शिकवू नकोस. मी म्हटलं, मी शिकायला चालले आहे. हे बोलताना मी कांडी नीट गुंडाळली आहे ना ते चाचपत होते.

सकाळच्या गाडीनं लोणंद आलं तेव्हा डब्यात कांद्याचा वास आधी चढला आणि माणसं मागून. माझ्या शेजारी एक बाई बसली, ओटीत चार कांदे घेऊन. मी दशमी काढली तशी तिनं न विचारता एक कांदा गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं फोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी लोणचं दिलं. तिनं चाखलं, आणि मीठ जरा कमी हाय म्हणाली. मी तिला लोणच्यात मीठ किती असावं यावर साताऱ्यापर्यंत व्याख्यान दिलं. ती बिचारी मान हलवत होती. साताऱ्याला डबा अर्धा रिकामा झाला. उतरणाऱ्यांत सुट्टीवर आलेले फौजी बरेच, बारीक कापलेले केस आणि हिरव्या ट्रंका. पुढं कऱ्हाडला मी उतरले.

कऱ्हाडहून एसटी. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मधूनच ट्रॅक्टरच्या मागं डुलत जाणाऱ्या ट्रॉल्या. एका गतिरोधकावर ड्रायव्हरचा अंदाज चुकला, गाडी उडाली आणि वरच्या फळीवरची माझी पिशवी धाडकन खाली आली. पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "फुटलं का काय, मावशी?" मी घाईघाईनं टॉवेल सोडला. कांडी शाबूत. जीव भांड्यात पडला. मी काच बघितली, पारा बघितला नाही.

शिराळ्याच्या स्टँडवर पानवाल्याला संपतरावांच्या मळ्याचा रस्ता विचारला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "नागपंचमीला आला जणू? पाच म्हैने लौकर आला की." आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसले. शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध, तेव्हा परक्या माणसाला हा प्रश्न पहिल्यांदा विचारायचा, अशी तिथली रीतच दिसते.

संपतराव चाळिशीचे, बोलायला गोड, हातात सतत मोबाइल. त्यांच्या घरी मुक्काम टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गुऱ्हाळावर गेलो.

आता खरं सांगते, आत पाऊल टाकलं आणि माझी बोलतीच बंद झाली. सव्वीस वर्षं ज्याला मी पाक म्हणत आले तो दीड वाटी साखरेचा होता. इथं जमिनीच्या पोटात चुलाण (भट्टी) धडाडत होतं, एक माणूस वाकून त्यात सारखी चिपाडं (रस काढलेला वाळका ऊस) लोटत होता, आणि वर काहील (पसरट लोखंडी कढई) एवढी की तिच्यात माझा ओटा गॅससकट मावला असता. रस नुसता खदखदत होता. वाफेनं माझा चष्मा पांढरा झाला. कुणीतरी माझ्या हातात रसाचा पेला दिला, तो संपायच्या आत दुसरा दिला. पुरे म्हटलं तर कुणी ऐकेना. गुऱ्हाळावरून माणूस रिकाम्या हातानं आणि कोरड्या तोंडानं जात नाही, असं संपतरावांनी सांगितलं. तो परका असो, वैरी असो.

काहिलीशेजारी उंचवट्यावर बिरूतात्या उभे होते. हे गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस. सत्तरीला टेकलेले, काटक, डोक्याला विटका पटका. मूळचे जत तालुक्यातले धनगर. गावाकडं मेंढरं, आणि हंगामात चार महिने इथं काहिलीवर, असं त्यांचं चाळीस वर्षं चाललेलं. बोलणं अगदी कमी. शेजारी थंड पाण्याची तपेली. वेळ जवळ आली की ते उकळत्या रसाचा थेंब तपेलीत पाडायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि काहिलीच्या काठावर मारायचे. आवाज ऐकायचे. मग हात वर करायचे. हात वर झाला की सहा गडी कड्यांत वासे घालून काहील उचलणार आणि वाफ्यात (गूळ निववायच्या हौदात) ओतणार. सकाळचं एक आधण (एका काहिलीचा गूळ) माझ्यासमोर असंच उतरलं. तुपासारखा पिवळा गूळ. मी वहीत लिहून घेतलं, 'पारंपरिक पद्धत, अंदाजावर आधारित'. हे शब्द आता वाचले की कान गरम होतात.

दुसरं आधण शालनताईंचं होतं. त्यांचा थोडकाच ऊस, घरापुरता. मुलगा फौजेत, सुट्टी संपवून दोन दिवसांनी परत निघणार. त्याच्याबरोबर द्यायला आणि वर्षभर घरात खायला हा गूळ. त्या सकाळपासून पदर खोचून वाफ्याच्या कडेला बसल्या होत्या. मला म्हणाल्या, माझ्या पोराला तिकडं बर्फात दुसरं काय नको, आयेच्या हातचा गूळ पायजे. मी म्हटलं, मग आज तुमचा गूळ मी मोजूनच करून देते, बघा. आणि पिशवीतून कांडी काढली.

संपतरावांना कौतुक वाटलं. त्यांनी कांडीचा फोटो काढला. गड्यांनी माना वर केल्या. तात्यांनी फक्त एकदा बघितलं आणि सरकून मला जागा दिली. मी कांडी रसात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, एकशे अठरा अंशाला गूळ होतो. एक कमी नाही, एक जास्त नाही. 

थोड्या वेळानं तात्यांनी गोळी वळली, काठावर मारली. टक्क. त्यांचा हात वर गेला. गड्यांनी वासे घातले. मी कांडीकडं बघितलं. एकशे तेरा.

"थांबा, तात्या," मी म्हणाले. "अजून पाच अंश बाकी आहेत."

त्यांनी पुन्हा गोळी केली, पुन्हा मारली. "झालाय, बाई."

"नाही झाला. सव्वीस वर्षं पाक करतेय मी. आत्ता उतरवलात तर गूळ बसणार नाही, चिकट राहील. मग शालनताईंना काय सांगाल?"

संपतरावांनी माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. गडी वासे धरून तसेच उभे. तात्यांचा हात क्षणभर वरच राहिला आणि मग हळूहळू खाली आला. मला वाटलं, पटलं.

कांडीवर एकशे अठरा दिसायच्या आधीच वास आला. ज्यांच्या घरी कधी पाक लागला आहे त्यांना तो वास माहीत आहे. तात्या ओरडले, गड्यांनी धडपडत काहील उतरवली, पण वाफ्यात पडला तो चिंचेच्या कोळासारखा काळा गूळ. शालनताई उठून वाफ्याशी आल्या, बोटानं चाटून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "कडू झालं."

तात्या उंचवट्यावरून खाली उतरले. डोक्याचा पटका काढला, हात धुतले. म्हणाले, "दोष माजा हाय. माजा हात चुकला." त्या गुऱ्हाळाचा दंडक असा, की आधण जळलं की गुळव्यानं त्या दिवशी पुन्हा काहिलीला हात लावायचा नाही.

आणि मी काय केलं? मी कांडी पुसत संपतरावांना म्हणाले, "अंदाजावर काम केलं की कधीतरी असं व्हायचंच. जाळ एकसारखा नव्हता." तात्या चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. मला ते ऐकताना दिसले, तरी मी बोलणं पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपतरावांच्या घरी सगळे उठायच्या आधी मी चहाला उठले. कांडीला काळा गूळ चिकटून कडक झाला होता. गरम पाण्यात विरघळेल म्हणून पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि कांडी त्यात उभी केली. पाणी खळखळ उकळायला लागलं. मी सहज नजर टाकली. त्र्याण्णव.

गॅस मोठा केला. पाणी उसळून ओट्यावर आलं. त्र्याण्णव. पाणी उकळलं की त्याचं तापमान वाढत नाही, हे मी दर बॅचला पहिल्याच दिवशी शिकवते. शिराळ्याची उंची धरली तरी पाणी अठ्ठ्याण्णवाला उकळायला हवं. मी कांडी उजेडात धरली. नळीच्या अगदी टोकाला, आकडे संपतात तिथं, पाऱ्याचा एक बारीकसा तुकडा वेगळा होऊन अडकला होता. एसटीत पिशवी पडली तेव्हाच तो तुटला असणार. तेवढा पारा वर गेला, म्हणून कांडी पाच अंश कमी दाखवत होती. तात्यांनी हात वर केला तेव्हा खरे अंश होते एकशे अठरा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मी ओट्याला धरून उभी राहिले. चहा करायचा राहिला. तोंडात मारल्यासारखं होणं म्हणजे काय हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि मारणारं कुणी नव्हतं, एक पातेलंभर पाणी होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण अवलक्षण माझं, आणि भोगलं तात्यांनी.

संपतराव उठल्यावर मी पहिला प्रश्न तात्यांचा विचारला. ते म्हणाले, तात्या पहाटेच्या गाडीनं गावाला गेले. ह्या सालचं राहिलेलं दुसऱ्याकडनं करून घ्या, आता माझं काम नव्हं, असं सांगून गेले. मग आवाज खाली आणून म्हणाले, मॅडम, तसं बरंच झालं. वय झालं होतं त्यांचं. तुमच्यासारखी कांडी कुठं मिळते तेवढं लिहून द्या.

तिथंच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी कागदावर कांडीच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला, होय, दिला, आणि म्हटलं, मला पुढं जतकडची मेंढरं बघायची आहेत, तात्यांची वस्ती कुठं आहे तेही सांगा. मनात हिशेब असा, की तात्यांना गुपचूप भेटावं, माफी मागावी, पुण्याला जावं. बाकी कुणाला कळायचं कारण नाही.

त्यातही धीर होत नव्हता. सांगलीला उतरल्यावर पुढची जतची गाडी उभी असून मी सोडली. गणपतीचं दर्शन घेतलं, कृष्णाकाठी बसले, भडंग खाल्लं. भडंग करणाऱ्यानं मूठभर मसाला न मोजता कढईत फेकला आणि चव नेमकी जमली. एरवी मी त्याला प्रमाण विचारलं असतं. त्या दिवशी गप्प राहिले. मुक्काम सांगलीतच केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जतची गाडी धरली.

मिरज मागं पडलं, द्राक्षाच्या बागा मागं पडल्या, आणि मग हिरवा रंगच संपला. एकाच जिल्ह्यात असं कसं, हा धक्का मला वाचून माहीत असूनही बसला. काळी-तांबडी उघडी जमीन, काढणीला आलेला शाळू (रब्बीची ज्वारी), बांधावर बाभळी, आणि रस्त्यावर पाण्याचे टँकर. शिराळ्यात माझ्या हातात रसाचे पेले कोंबत होते, इथं एका वस्तीवर टँकरच्या पाइपखाली घागरींची रांग होती. त्या रांगेतल्या बायका गाडीकडं बघतसुद्धा नव्हत्या, नजर पाइपावर.

जतच्या स्टँडवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना वस्तीचं नाव सांगून रस्ता विचारला. ते शांतपणे म्हणाले, "गोत्तिल्ला." (कानडीत, माहीत नाही.) ना संकोच, ना सबब. मग हाताला धरून मला वडापच्या (माणसं भरून नेणाऱ्या जीपच्या) ड्रायव्हरकडं घेऊन गेले. त्याला माहीत होतं. मला वाटलं, 'माहीत नाही' असं मी शेवटचं कधी म्हटलं होतं? आठवेना.

वडापनं मला फाट्यावर सोडलं. तिथून दोन किलोमीटर चालत. वस्ती म्हणजे पाच-सहा घरं, काटेरी कुंपणाचा मेंढवाडा, आणि कोकरांचा गलका. दारातच तात्यांची बायको, यल्लूबाई, भेटली. कोण, कुठली, हे सांगितल्यावर तिनं आधी घोंगडं अंथरलं, तांब्याभर पाणी दिलं, मग बोलायला लागली. आल्यापासनं माणूस इपरित वागतंय म्हणाली. काल एक मेंढी अडली होती. एरवी तात्या पोटावरनं हात फिरवून कोकरू कसं आहे ते सांगायचे, सगळी वस्ती त्यांनाच बोलवायची. काल त्यांनी हात फिरवला आणि यल्लूबाईलाच विचारलं, तुला काय वाटतं. "चाळीस वर्सात ह्यांनी मला कवा इचारलं न्हाई," ती म्हणाली. "मला भ्याच वाटलं."

मी तांब्या तसाच खाली ठेवला.

तात्या मेंढरं घेऊन आले. मला बघून चकित झाले नाहीत, की रागावले नाहीत. आवं बाई, एवढ्या लांब कशाला आला, म्हणाले. मी काय बोलायचं ते सांगलीपासून घोकत आले होते, पण तोंडातून भलताच प्रश्न निघाला. मी विचारलं, तात्या, गूळ झालाय हे तुम्हाला कळलं होतं. मग तुम्ही हात खाली का घेतलात?

ते उकिडवे बसले. बोटं चोळत राहिले. टोकं जाड झालेली, पांढुरकी बोटं.

"तुमी लय ठाम बोलला, बाई," ते म्हणाले. "एवढं ठाम आमच्यात कोन बोलत न्हाई. मला वाटलं, बाई शिकल्याली हाय, खोटं कशाला बोलंल. आपलंच वय झालं. हाताला आता कळंना झालंय."

मला वाटलं होतं ते पाहुणी म्हणून गप्प बसले असतील. भिडेनं, मोठेपणानं. तसं असतं तर मी माफी मागून सुटले असते. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी त्यांचं एक आधण जाळलं नव्हतं, चाळीस वर्षांचा त्यांचा हात त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि तोही बिघडलेली कांडी दाखवून. मी रडले. सरळ सांगते, पदर तोंडाला लावून रडले. यल्लूबाई घाबरून पाणी आणायला उठली. त्या घरात पाण्याची एकच घागर भरलेली होती, टँकर परवा येऊन गेला होता.

मी म्हटलं, प्यायला नको, वाटीभर उकळायला द्या. तिनं चुलीवर छोटं पातेलं ठेवलं. पाणी उकळल्यावर मी कांडी बुडवली आणि तात्यांना जवळ बोलावलं. आकडे येतात मला, म्हणाले आणि डोळे बारीक करून वाचलं. त्र्याण्णव. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पिशवी पडली ते, पारा तुटला ते, पाणी किती अंशाला उकळायला हवं ते, नळीच्या टोकाचा तो बारीक तुकडासुद्धा दाखवला.

"म्हंजी ही पाच अंशानं खोटं बोलत व्हती."

"हो."

"आन् मी हात वर केला तवा?"

"बरोबर एकशे अठरा होते, तात्या."

ते हातातल्या कांडीकडं बघत राहिले. मग स्वतःचा हात वळवून बघितला, दोन्ही बाजूंनी. "म्हंजी माजा हात बराबर व्हता," ते म्हणाले. मला नव्हे, यल्लूबाईला. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि डोळे पुसले. धूर होता म्हणा.

मी हात जोडले. माझं चुकलं, मला माफ करा, म्हणाले. तात्यांनी मान हलवली. त्यांचा स्वर कडक नव्हता, पण त्यात पळवाटही नव्हती.

"हितं न्हाई, बाई. बोलला तवा काहिलीवर बोलला, समद्यांम्होरं. आता बी काहिलीवरच बोला."

ह्याच एका गोष्टीतून सुटायला मी इतक्या लांब आले होते. ते पुढं म्हणाले, मी सांगून उपयोग न्हाई, म्हातारं सबब सांगतंय म्हणतील. शिराळ्यातच न्हाई, कऱ्हाडापातूर सगळ्या गुऱ्हाळांवर ही गोष्ट गेली असणार, बिरूचा हात गेला म्हणून. 

त्या मुक्कामात मी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा खाल्ला, घोंगड्यावर झोपले. भाकरीला मीठ किती, हे कुणाला सांगितलं नाही. उजाडताच तात्या म्हणाले, चला. त्यांनी पटका बांधला होता. निघताना मेंढवाड्यात शिरले, एका मेंढीच्या पोटावर हात फिरवला आणि यल्लूबाईला सांगितलं, "दोन हायत. सांजच्याला व्यायल." तिनं बरं म्हटलं.

दुपारी आम्ही गुऱ्हाळावर पोहोचलो. नवा गुळव्या अजून यायचा होता, संपतराव स्वतःच घामाघूम होऊन काहिलीपाशी उभे होते. मी शालनताईंना बोलावणं पाठवायला सांगितलं. त्या येईपर्यंत माझ्या हातात रसाचा पेला आला. नको म्हणायची सोय नव्हतीच. त्या आल्यावर मी उंचवट्यावर चढले. शिकवायची सवय आहे, चारचौघांत बोलायला मी कधी घाबरले नाही. त्या दिवशी आधी पेला खाली ठेवला, मग पदर सारखा केला, मग चष्मा पुसला.

मी सांगितलं. कांडी बिघडलेली होती, मी न तपासता वापरली. तात्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा ऐकलं नाही. आधण मी जाळलं. वर अंदाजाला नावं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कळल्यावरही संपतरावांना सांगितलं नाही, उलट दुकानाचा पत्ता दिला. हे सगळं बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चिपाडं लोटणारासुद्धा जाळ सोडून बघत होता.

संपतराव अवघडले. "मॅडम, हे फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"न्हाई चाललं असतं," शालनताई म्हणाल्या.

मग त्या माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलायलाच हवं होतं. पण त्यांनी सांगितलं ते एवढंच. पोरगा काल गेला, काळा गूळ बरोबर घेऊन गेला. म्हणाला, आये, तिकडं बर्फात काळा-पांढरा कोण बघतंय. पदराखालून त्यांनी एक पुडकं काढलं आणि माझ्या पिशवीत घातलं. त्याच गुळाचा खडा होता. गुऱ्हाळावरून कुणी रिकाम्या हातानं जात नाही. मी मान वर करू शकले नाही.

तात्या हात धुऊन उंचवट्यावर चढले. कुणी त्यांना चढा म्हटलं नाही, संपतराव आपणच बाजूला झाले. रस घट्ट होत आला. तात्यांनी थेंब पाण्यात पाडला, गोळी वळली, काठावर मारली. गड्यांनी वासे घातले आणि त्यांच्या हाताकडं बघत उभे राहिले. हात वर गेला नाही. तात्या माझ्याकडं वळले. डोळ्यांत मिश्कील हसू होतं, पण प्रश्न खरा होता.

"सांगा, बाई. उतरवायची का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं सव्वीस वर्षांची उत्तरं होती. मी काहिलीत बघितलं. बुडबुडे, वाफ, पिवळा रंग. काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"गोत्तिल्ला," मी म्हणाले.

तात्या इतके मोठ्यानं हसले की चुलाणाचा आवाज दबला. मग त्यांचा हात वर गेला. सहा गड्यांनी काहील उचलली.

पुण्याला येऊन आता महिना झाला. कांडी दुरुस्त होऊ शकते. बर्फात ठेवून हलकेच झटकली की पाऱ्याचा तुकडा परत जागेवर बसतो, मी स्वतः मुलींना शिकवलेलं आहे. अजून केलेलं नाही. ओट्यावर काळ्या गुळाच्या खड्याशेजारी ती उभी असते. नव्या बॅचच्या मुली विचारतात, बाई, झाला का पाक? मी थेंब पाण्यात टाकते, गोळी वळते, कढईच्या काठावर मारते आणि कान देते. बरेचदा कळत नाही. मग मी तसं सांगते.